संदर्भ-माहिती आणि संस्थात्मक ज्ञान व्यवस्थापन : झेरॉक्स तंत्रज्ञांच्या अभ्यासाच्या आधारे

प्रस्तावना :
संस्थेचे ज्ञान कोठे असते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः ‘दप्तरात’ असे दिले जाते. अहवाल, परिपत्रके, कार्यपुस्तिका आणि संगणकीय साठे यांत ते सुरक्षित आहे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात नोंद हाती असूनही काम अडते. काय करावे हे नोंद सांगते. परंतु ती कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत व कशासाठी केली, हे बहुधा तिच्यात नसते. या वगळल्या गेलेल्या भागालाच संदर्भ-माहिती असे म्हणता येईल. तिच्या अभावी सामूहिक कामाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
संगणकशास्त्रज्ञ अनिंद डे यांनी २००१ मध्ये संदर्भाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की व्यक्ती, स्थळ किंवा वस्तू यांची परिस्थिती स्पष्ट करण्यास उपयोगी पडणारी कोणतीही माहिती म्हणजे संदर्भ होय. व्याख्या व्यापक आहे, किंबहुना जरुरीपेक्षा अधिक व्यापक आहे. तिचे महत्त्व उदाहरणाने लवकर पटते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाच्या संगणक-प्रणालीतून येणारे आकडे पौंड-सेकंदांत होते. दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे गृहीत धरले. आकडे पोहोचले, त्यांचे एकक मात्र पोहोचले नाही.

झेरॉक्स तंत्रज्ञांचा अभ्यास :
या विषयातील सर्वांत बोधप्रद अभ्यास छायाप्रत यंत्रांच्या दुरुस्तीचा आहे. (मराठीत ‘झेरॉक्स’ हा शब्द छायाप्रतीसाठीच रूढ झाला आहे, येथे मात्र त्या नावाची कंपनी अभिप्रेत आहे.) मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी कंपनीच्या तंत्रज्ञांसोबत राहून त्यांच्या कामाचे निरीक्षण केले. त्यावर आधारित ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपनीने तंत्रज्ञांना दोषनिदानाच्या तपशीलवार पुस्तिका दिल्या होत्या. यंत्राने अमुक संकेतांक दाखविला की अमुक चाचणी करावी, अशी त्यांची रचना होती. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ज्ञानाचा प्रश्न तेथेच सुटलेला होता.

ऑर यांना वेगळेच आढळले. एकाच प्रकारची दोन यंत्रे दोन कार्यालयांत सारखी वागत नसत. यंत्र कोण वापरते, कसे वापरते, पूर्वी त्याची कोणती दुरुस्ती झाली, यांवर बिघाडाचे स्वरूप अवलंबून असे. पुस्तिकेत या गोष्टींना जागा नव्हती. ती उणीव तंत्रज्ञ परस्परांना सांगत असलेल्या हकिकती भरून काढीत. न्याहारीच्या वा जेवणाच्या वेळी एखादा तंत्रज्ञ आपल्या अवघड यंत्राची कथा सांगे, दुसरा तिला आपली कथा जोडे आणि त्यातून निदान आकार घेई. कामाच्या वेळेचा अपव्यय म्हणून ज्या गप्पांकडे पाहिले गेले असते, त्याच संदर्भाचे वहन करीत होत्या.

हे लक्षात घेऊन कंपनीने १९९० च्या दशकात ‘युरेका’ ही प्रणाली विकसित केली. तिचा आरंभीचा वापर फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपला उपाय लिहावा, अनुभवी सहकाऱ्यांनी तो तपासावा आणि नंतर तो सर्वांना उपलब्ध व्हावा, अशी तिची पद्धत होती. उपायासोबत तो देणाऱ्याचे नाव राहत असे. ही बाब वरवर किरकोळ वाटते. परंतु सल्ला कोणाचा आहे हे कळल्याशिवाय त्यावर कितपत विसंबावे, हे वाचणाऱ्याला ठरविता येत नाही. नाव हीदेखील संदर्भ-माहितीच होय.

साठवण आणि पुनर्वापर :
तथापि सर्व संदर्भ साठविणे शक्य नाही. मार्क ॲकरमन व ख्रिस्तीन हॅल्व्हर्सन यांनी १९९८ मध्ये संस्थात्मक स्मृतीविषयी मांडलेला विचार येथे उपयुक्त आहे. नोंद इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून तिचा काही संदर्भ गळावाच लागतो आणि वापरणाऱ्याला तो आपल्या परिस्थितीत नव्याने उभा करावा लागतो. म्हणून किती साठविले, यापेक्षा पुनर्बांधणीपुरते धागे शिल्लक ठेवले की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडील शासकीय नस्तीची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्यात पत्रव्यवहाराचा भाग वेगळा आणि टिपणीचा भाग वेगळा असतो. आदेश काय निघाला हे पत्रव्यवहारावरून कळते; तो कोणत्या कारणांनी, कोणाच्या कोणत्या शंकेनंतर निघाला, हे टिपणीवरून कळते. नस्ती संगणकावर आणताना केवळ अंतिम आदेशच शोधता येईल अशी व्यवस्था झाली, तर गती वाढेल, परंतु नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला त्या आदेशामागील कारण सापडणार नाही.

अडचणी :
संदर्भ नोंदविण्याचे श्रम एकाला पडतात आणि लाभ दुसऱ्याला होतो. सामूहिक कामाच्या संगणक-प्रणाली याच कारणाने फसतात, असे जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्येच दाखविले होते. यावर उपाय म्हणून वेळ, स्थान, सहभागी व्यक्ती यांची नोंद यंत्राने आपोआप करावी, असे सुचविले जाते. श्रम त्यामुळे निश्चित वाचतात; मात्र अशी नोंद कर्मचाऱ्यावरील पाळतही ठरू शकते. सहकाऱ्यांत बसून तंत्रज्ञ फसलेली खटपटही मोकळेपणाने सांगतो. तीच हकिकत वार्षिक मूल्यमापनात वाचली जाणार असेल, तर त्याच्या नोंदीत यशस्वी दुरुस्त्याच तेवढ्या उरतील.