ख्रिस्ताचें पुनरागमन आणि आजचें काम

ख्रिस्ती उपासनेंत विश्वासांगीकार म्हणण्याचा प्रघात आहे. येशू ख्रिस्ताचा जन्म, त्याचें क्रुसावरील मरण आणि पुनरुत्थान या घडून गेलेल्या गोष्टी त्यांत सांगितल्या आहेतच. परंतु एक गोष्ट अद्याप घडावयाची आहे. तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यासाठीं येणार, ही ती गोष्ट होय. इ. स. ३२५ मध्यें नायसीया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें जो विश्वासांगीकार संमत केला, त्यांतही ही श्रद्धा नमूद आहे.

यावर कोणीही विचारी मनुष्य सहज म्हणेल कीं, जग जर आज ना उद्यां संपावयाचें, तर शेत कां पेरावें, घर कां बांधावें, मुलांस विद्या कां द्यावी? प्रश्न खोंचक खरा. पण तो नवा नाहीं. इ. स. ५० च्या सुमारास मासेदोनियांतील थेस्सलनीका या बंदरांत ख्रिस्ती मंडळी नुकतीच स्थापन झाली होती. प्रभु येण्यापूर्वींच जीं आपलीं माणसें वारलीं त्यांची वाट काय, या चिंतेनें ती व्याकुळ झाली होती. प्रेषित पौलानें पत्र लिहून तिला धीर दिला. पण त्याबरोबरच शांतपणें राहावें व आपापल्या हातांनीं काम करावें, असेंही बजावलें. दुसऱ्या पत्रांत तर, जो काम करूं इच्छीत नाहीं त्यानें जेवूंही नये, इतका कडक नियम आढळतो. पौल स्वतः राहुट्या करण्याच्या धंद्यावर पोट भरीत असे.

हा उपदेश दृष्टीआड झाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. न्यूयॉर्क संस्थानांतील विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकानें दानीएलाच्या ग्रंथांतील २३०० दिवसांवरून गणित मांडलें. अखेर त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. कित्येकांनीं उभें पीक शेतांतच राहूं दिलें. तो दिवस उजाडला आणि मावळला. प्रभु आला नाहीं. त्या लोकांची तळमळ खोटी नव्हती. परंतु ती घटका पित्यावांचून कोणासही ठाऊक नाहीं, असें शुभवर्तमानांतच सांगितलेलें असतां त्यांनीं तिथि मागितली.

त्याच देशांत ६४ वर्षांपूर्वीं याच्या उलट प्रसंग घडला होता. १९ मे १७८० रोजीं न्यू इंग्लंडांत भर दिवसा काळोख दाटला. वणव्यांचा धूर धुक्यांत व ढगांत मिसळल्यामुळें तसें झालें, असें आज मानतात. तेव्हां मात्र पुष्कळांस हाच न्यायाचा दिवस वाटला. कनेक्टिकटच्या विधिमंडळांत सभा तहकूब करण्याची सूचना आली. अब्राहम डॅव्हनपोर्ट या सभासदानें तीस विरोध केल्याचें सांगतात. तो दिवस नसेल तर उठण्याचें कारण नाहीं. आणि असेल तर आपण कर्तव्य करीत असतां सांपडावें, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्यानें मेणबत्त्या आणविण्यास सांगितलें.

श्रोतेहो, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय हेंच शिकवितो. दहा कुमारींच्या दृष्टांतांत नवरदेवास उशीर होतो, तेव्हां दहाही जणींस झोंप लागते. शहाण्या पांचजणींसुद्धां झोंपतात. भेद झोंपेंत नाहीं, सांठवून ठेविलेल्या तेलांत आहे. पुढें न्यायाचें चित्र येतें. भुकेल्यास अन्न दिलें काय, परक्यास घरांत घेतलें काय, आजाऱ्याचा व बंदिवानाचा समाचार घेतला काय, एवढ्याचाच तेथें विचार होतो. गणित कोणास साधलें, हें कोणी विचारीत नाहीं.

म्हणून या श्रद्धेचे व्यवहारांत दोन अर्थ होतात. मजुराची मजुरी आजच दिली पाहिजे आणि भावाशीं धरलेला अबोला आजच सोडला पाहिजे. कारण उद्यांवर आपला हक्क नाहीं. तसेंच उद्यांसाठीं पेरलेंही पाहिजे. कारण ती घटका आपणांस ठाऊक नाहीं. ज्यांची ही श्रद्धा नसेल, त्यांसही इतकें पटण्यासारखें आहे: हिशेब केव्हां मागितला जाईल हें ज्यास कळत नाहीं, त्यानें वही रोजच्या रोज लिहून ठेवावी.