व्यावसायिक संघटना

विशेष ज्ञान व प्रशिक्षण यांवर आधारलेल्या एखाद्या व्यवसायातील व्यक्तींनी व्यवसायाचा दर्जा राखणे, सदस्यांची पात्रता ठरविणे आणि परस्परांत ज्ञानाची देवघेव करणे, या हेतूंनी स्थापन केलेली संस्था. वैद्यक, विधी, अभियांत्रिकी, लेखापरीक्षण, वास्तुशिल्प इ. व्यवसायांत अशा संघटना आढळतात. वेतन व सेवाशर्ती यांविषयी मालकांशी वाटाघाटी करणारी कामगार संघटना हिच्याहून भिन्न होय. कायद्याने नोंदणीचा अधिकार दिलेल्या परिषदा आणि ऐच्छिक सदस्यत्वाच्या संघटना असाही भेद केला जातो. तथापि काही संस्था दोन्ही प्रकारची कार्ये करतात.

उगम : आधुनिक व्यावसायिक संघटनांचा एक ठळक प्रारंभ लंडनमध्ये झाला. 2 जानेवारी 1818 रोजी काही तरुण अभियंत्यांनी फ्लीट स्ट्रीटवरील एका कॉफीगृहात जमून ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनियर्स’ ही संस्था स्थापन केली. त्या काळी अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण इंग्लंडमध्ये जवळजवळ उपलब्ध नव्हते; उमेदवारी करीत जे हाती लागेल तेवढेच ज्ञान. ही उणीव परस्परांच्या अनुभवांतून भरून काढावी, हा संस्थापकांचा उद्देश होता. प्रारंभीची दोन वर्षे संस्थेची वाढ मंद राहिली. 1820 मध्ये टॉमस टेलफर्ड या ख्यातनाम अभियंत्याने अध्यक्षपद स्वीकारल्यावर तिला प्रतिष्ठा लाभली व 1828 मध्ये राजसनद मिळाली. अननुभवी तरुणांची जिज्ञासा आणि ज्येष्ठांचे वजन यांच्या संयोगातून संघटना उभी राहते, याचे हे उदाहरण होय.

व्यक्तीच्या व्यवसायविकासातील कार्य : संघटनेचे सदस्यास होणारे लाभ मुख्यतः तीन : ज्ञान, मान्यता व परिचय. नियतकालिके, व्याख्याने व ग्रंथालय यांतून ज्ञान मिळते. परीक्षा व सदस्यत्वाच्या श्रेणी यांतून मान्यता मिळते. अधिवेशने व चर्चासत्रे यांतून परिचय वाढतो. एरवी व्यावसायिकाची गुणवत्ता त्याचा मालक, वरिष्ठ किंवा अशील यांच्यापुरतीच ज्ञात असते. ती समव्यावसायिकांच्या परीक्षणासाठी खुली होणे, हे या तिन्ही लाभांचे समान सूत्र म्हणता येईल.

अधिवेशनांचे महत्त्व जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या चरित्रातून स्पष्ट होते. मँचेस्टर येथील मद्यनिर्मितीच्या कौटुंबिक धंद्यात असलेले जूल कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हते. यांत्रिक कार्य व उष्णता यांच्या संबंधावरील त्यांचा निबंध 1843 मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या कॉर्क येथील अधिवेशनात वाचला गेला, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. 1847 च्या ऑक्सफर्ड अधिवेशनात तर त्यांना विषय थोडक्यात मांडण्यास सांगण्यात आले. मात्र श्रोत्यांत ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) होते. टॉमसन यांनी सभेतच उठून विषयाकडे लक्ष वेधले, असे जूल यांनी लिहिले. आपण सभा संपल्यावर त्यांच्याशी बोललो, असे टॉमसन यांनी म्हटले. तपशील कोणताही खरा असो. त्या भेटीतून पुढील दशकातील संयुक्त प्रयोग व ‘जूल-टॉमसन परिणाम’ निष्पन्न झाले. ब्रिटिश असोसिएशन ही विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेली संस्था असली, तरी अधिवेशनाचा खरा लाभ पुष्कळदा निबंधवाचनानंतरच्या संभाषणात असतो, ही गोष्ट सर्वच व्यवसायांना लागू पडते.

प्रवेशाचा प्रश्न : जी संस्था मान्यता देते, ती नाकारूही शकते. नाशिक येथे जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी 1892 मध्ये ऑक्सफर्ड येथे विधी विषयाची उच्च परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना तेव्हा ना ती पदवी मिळत असे, ना वकिलांच्या संघात प्रवेश. इंग्लंडमध्ये 1919 च्या व भारतात 1923 च्या कायद्याने ही बंदी दूर झाली. तोपर्यंत त्यांच्या उमेदीची सुमारे तीन दशके उलटून गेली होती. विद्युत् अभियंत्या ए. ललिता यांचा अनुभव याहून वेगळा आहे. 1943 मध्ये मद्रासजवळील गिंडी येथून पदवी घेतलेल्या ललिता 1964 साली न्यूयॉर्क येथील स्त्री अभियंत्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस उपस्थित राहिल्या. भारतात तशी संघटना नसल्याने त्या व्यक्तिशः गेल्या होत्या. 1966 मध्ये त्या लंडनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या पूर्ण सदस्य झाल्या.

भारतातील स्थिती : 1920 मध्ये स्थापन झालेल्या व कोलकाता येथे मुख्यालय असलेल्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनियर्स (इंडिया)’ या संस्थेस 1935 मध्ये राजसनद मिळाली. तिच्या सहसदस्यत्वाच्या (ए. एम. आय. ई.) परीक्षेस शासकीय नोकरीसाठी अभियांत्रिकी पदवीशी समकक्ष मानले जाई. त्यामुळे महाविद्यालयात जाणे परवडत नसलेल्या पदविकाधारकांना व कारखान्यांतील कर्मचाऱ्यांना नोकरी सांभाळून अभियंता होण्याचा मार्ग खुला झाला. ही समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नावनोंदणी केलेल्यांपुरती मर्यादित करण्यात आली. सनदी लेखापालांची संस्था 1949 च्या कायद्याने अस्तित्वात आली. परीक्षा, प्रत्यक्ष कामाची उमेदवारी, नोंदणी व शिस्तपालन ही सर्व कार्ये ती करते. 1928 मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन मेडिकल असोसिएशन’ ही मात्र ऐच्छिक संघटना असून वैद्यक परवाना देण्याचा अधिकार तिला नाही.

मर्यादा : सदस्यत्वशुल्क, प्रवासखर्च व रजा यांमुळे अधिवेशनांचा लाभ प्रामुख्याने मोठ्या शहरांतील व सुस्थितीतील व्यावसायिकांना मिळतो. दूरस्थ चर्चासत्रांमुळे व्याख्याने आता सर्वत्र पोहोचतात. पण अनौपचारिक परिचयाची उणीव त्यांतून पुरती भरून निघत नाही. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी काही व्यवसायांत प्रशिक्षणाचे तास वा श्रेयांक आवश्यक ठरविल्याने सातत्याने शिकण्यास चालना मिळाली. त्याचबरोबर केवळ उपस्थितीची नोंद व्हावी म्हणून येण्याची प्रवृत्तीही निर्माण झाली. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकांतील गटबाजी व प्रायोजक कंपन्यांचा प्रभाव हेही दोष दाखविले जातात. संघटनेचे यश सदस्यसंख्येपेक्षा, नव्याने व्यवसायात आलेल्या व कोणाचाही आधार नसलेल्या व्यक्तीस तिच्या सभेत बोलण्याची संधी मिळते की नाही, यावरून अधिक योग्य रीतीने ठरविता येते.