होडीच्या कव्हरची चेन का अडकते?

पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, लाँचींवर कॅनव्हासची कव्हरे चढतात आणि ताडपत्री शिवणाऱ्या कारागीर बांधवांकडे एकच तक्रार येऊ लागते, चेन अडकली! गिऱ्हाईक म्हणते, माल हलका घातला. कारागीर म्हणतो, तुम्ही ओढाताण केलीत. आमच्या मते दोघेही अर्धेच खरे. खरे शत्रू दोन, मीठ आणि ऊन.

खारे पाणी वाळले की दात्यांच्या फटीत मिठाचे कण राहतात. दाते बहुधा प्लास्टिकचे, त्यांना काही होत नाही. बिघडतो तो रनर. तो जस्ताच्या मिश्रधातूचा असेल तर वरचा रंग खरवडला जाताच खाऱ्या हवेने पांढरा पडतो आणि जागीच धरतो. अशा वेळी पक्कड लावून जोर करू नये. गोड्या कोमट पाण्याने चेन भिजवावी, जुन्या टूथब्रशने दाते घासावेत. तरीही सुटत नसेल तर व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून रनरवर लावावे, थोड्या वेळाने पुन्हा गोड्या पाण्याने धुवावे. वाळल्यावर दात्यांवर साधी मेणबत्ती फिरवून रनर चार-सहा वेळा वरखाली करावा.

खोबरेल किंवा मशीनचे तेल मात्र नको. हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. चेन दोन दिवस पळते, मग तेलाला वाळू चिकटून पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते. कॅनव्हासवर डाग पडतो तो वेगळाच.

रनर पुढे सरकतो पण मागे दाते उघडेच राहतात, ही दुसरी तक्रार. याचा अर्थ रनरचे तोंड सैल झाले. लहान पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबून पाहाव्यात, नाही जमले तर नुसता रनर बदलावा. येथे आम्हांला स्पष्ट बोलावेसे वाटते. रनरने भागत असताना अख्खी चेन उसवून नवी घालण्यात मजुरी जास्त मिळते, हे खरे. पण कॅनव्हासला जुन्या टाक्यांची भोके असतातच. त्यांच्या शेजारी नवी भोके पडली की तेथूनच पाणी गळते आणि पुढच्या हंगामात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते.

नवे काम घेताना १० नंबरची चेन घ्यावी. लहान नंबर कॅनव्हासचा ताण सोसत नाही. वळणावर नायलॉनची कॉइल बरी, सरळ लांबीत मोठ्या दात्यांची चेन साफ करायला सोपी. चेनवर कापडाची पट्टी झाकण म्हणून शिवावी, म्हणजे ऊन थेट लागत नाही. दोरा पॉलिएस्टरचाच हवा, सुती दोरा दमटपणात कुजतो.

कव्हर देताना गिऱ्हाइकाला एवढे सांगावे, आधी चेन लावा, मग टिचबटणे दाबा. बटणे आधी लावली की कापड ताणले जाते आणि सारा ताण चेनवर येतो. दोन जादा रनरही सोबत द्यावेत.