एक सेकंद विरुद्ध चौदा दिवस

ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनी या उपनगरात स्पार्क या दूरसंचार कंपनीने वाढवत नेलेले डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणच्या एका सर्व्हरमध्ये २५६ जीबी रॅम आहे, असे धरू. लिनक्सचा कर्नल तिचे ४,०९६ बाइटचे तुकडे पाडतो. त्यांना पेज म्हणतात. एका सर्व्हरमध्ये अशी पेजेस भरतात ६ कोटी ७१ लाख ८ हजार ८६४. प्रत्येकाची नोंद ठेवायला ६४ बाइट लागतात. म्हणजे नुसत्या नोंदींनाच ४ जीबी!

हा खटाटोप वेळ वाचवण्यासाठी. रॅममधून माहिती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. हा वेळ एक सेकंद मानला, तर एसएसडीला सुमारे १७ मिनिटे लागतील आणि फिरत्या हार्ड डिस्कला जवळपास २८ तास. तीच माहिती मुंबईहून मागवली तर? टाकानिनी ते मुंबई सरळ अंतर सुमारे १२,३०० किमी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी धावतो, तरी जाऊन-येऊन किमान १२३ मिलिसेकंद जातातच. आपल्या मापाने हे झाले १४ दिवस! म्हणूनच एकदा वाचलेली फाइल कर्नल मोकळ्या रॅममध्ये राखून ठेवतो. हाच पेज कॅश.

शंभरातल्या ९९ वेळा माहिती कॅशमध्ये सापडली आणि एकदाच एसएसडीकडे जावे लागले, तर सरासरी वेळ सुमारे १,१०० नॅनोसेकंद होतो. हजारात ९९९ वेळा सापडली, तर फक्त २००. एक टक्क्याहूनही कमी फरक, पण वेग साडेपाच पट!

रॅम भरली की काढायचे कोणते पेज? अचूक उत्तरासाठी भविष्य माहीत हवे, हे आयबीएमच्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले. कर्नलला मात्र मागच्या वापरावरूनच अंदाज बांधावा लागतो. दिवसा डेटाबेस तीच ती पेजेस मागतो. रात्री १ टीबीचा बॅकअप जवळपास २७ कोटी पेजेस वाचतो, तीही एकदाच. नुसते 'शेवटी काय वाचले' एवढेच पाहिले, तर बॅकअप दिवसभराची कमाई पुसून टाकेल. म्हणून लिनक्स नव्या पेजला आधी उमेदवारांच्या यादीत ठेवतो. ते पुन्हा मागितले गेले, तरच कायमच्या यादीत बढती मिळते. २०१४ पासून तो हाकललेल्या पेजचीही खूण ठेवतो. ते लवकर परतले तर आपला अंदाज चुकला, हे त्याला कळते. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत दोन याद्यांऐवजी अनेक पिढ्या मोजणारी पद्धतही आली.

तेव्हा सर्व्हरवर 'फ्री' रॅम कमी दिसली म्हणून घाबरून कॅश रिकामा करू नका. 'अव्हेलेबल' हा आकडा पाहा. तोही तळाला गेला, तरच रॅम वाढवा. भरलेली रॅम हा बिघाड नाही, ती कामाला लागलेली रॅम आहे.