मुळशी जलविद्युत् योजना

दगडी कोळशाऐवजी पाण्यापासून वीजनिर्मिती करण्यासाठी पुणे जिल्ह्यात उभारलेली एक योजना. पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात, नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ तिचे धरण आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील कापडगिरण्या मुख्यतः कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दूरवरून आणावा लागे व गिरण्यांच्या धुरामुळे शहराची हवा दूषित होई. या धुराच्या नियंत्रणासाठी १९१२ मध्ये कायदा करण्यात आला. कोळशाच्या ज्वलनातून सूक्ष्म कण, सल्फर डाय-ऑक्साइड, नायट्रोजनाची ऑक्साइडे व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतात. भारतीय कोळशात गंधक कमी, परंतु राखेचे प्रमाण बरेच, सामान्यतः ३० ते ४५ टक्के असते. त्यामुळे औष्णिक केंद्रांपुढे राखेच्या विल्हेवाटीचा प्रश्नही उभा राहतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा भरपूर पाऊस व पश्चिमेकडील तुटलेला कडा यांचा उपयोग करण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) ती प्रत्यक्षात आली. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे क्रमाने सुरू झाली. यांपैकी भिरा केंद्रास मुळशीचे पाणी मिळते.

जलाशयातील पाणी बोगद्यातून व दाबनळांतून कोकणातील पायथ्याशी सुमारे ५०० मी. खाली सोडतात. त्याच्या वेगाने टरबाइन फिरते व त्यास जोडलेल्या जनित्रात वीज निर्माण होते. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या एक घन मीटर पाण्यापासून साधारणतः एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते; तेवढ्याच विजेसाठी औष्णिक केंद्रात पाऊण किलोग्रॅमच्या आसपास कोळसा जाळावा लागतो. भिरा येथे उदंचित संचय पद्धतीही वापरली जाते : मागणी कमी असताना खालचे पाणी पुन्हा वर चढवून ते मागणीच्या वेळी वापरतात.

धूर न करणाऱ्या या विजेची किंमत मात्र मावळातील शेतकऱ्यांना मोजावी लागली. धरणासाठी सुमारे पन्नास गावांची जमीन भूसंपादन कायद्यान्वये घेण्यात आली. भातखाचरे व घरे बुडणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. १९२४ अखेर लढा संपला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली व पुढे ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांतील हा एक आद्य लढा मानला जातो.

योजनेचा दुसरा परिणाम पाणीवाटपाशी निगडित आहे. मुळा ही मूळची भीमेच्या खोऱ्यातील नदी. परंतु मुळशीचे पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेकडे कोकणात जाते. म्हणून पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागासाठी व वाढत्या शहरांसाठी ते वळवावे, अशी मागणी होत आली आहे. याउलट भाटघर, पानशेत व वरसगाव येथील धरणांच्या पायथ्याशी असलेल्या लहान केंद्रांत वीज निर्माण केल्यावर पाणी नदीतच राहते व सिंचनास आणि पिण्यास उपयोगी पडते.

यावरून असे दिसते की, जलविद्युत् हवा स्वच्छ ठेवते, पण ती सर्वस्वी निर्दोष नाही. बुडालेल्या वनस्पती कुजून जलाशयातून मिथेनही बाहेर पडतो. म्हणून अशा योजनेचे मूल्यमापन करताना वाचलेल्या कोळशाबरोबरच बुडणारी जमीन, विस्थापितांचे पुनर्वसन व खोऱ्याबाहेर जाणारे पाणी हेही विचारात घ्यावे लागते.