आईची सुई आणि लेटिशियाबाई

आईला इन्शुलिन सुरू झालं आणि रोज सकाळी सुई टोचायचं काम माझ्या वाट्याला आलं. पहिल्या दिवशी माझा हात असा थरथरला, की आईच म्हणाली, "अगं, काटा काढतीस ना पायातला? घाबरायलीस काय?" डाव्या हाताच्या चिमटीत पोटाची कातडी धरायची, उजव्या हातानं टोचायचं आणि त्याच हातानं दट्ट्या दाबायचा.

माझ्या लहानपणी अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीवरून पळत उतरताना पडलं, की धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलं. दवाखान्यात स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा न् सुया उकळत असायच्या. कंपाउंडरकाका चिमट्यानं नळी उचलायचे, मग तिच्याच नंबरचा दट्ट्या शोधायचे. एकीचा दट्ट्या दुसरीत नीट बसायचाच नाही! तो खळखळ आवाज ऐकला, की आम्ही पदराआड.

पण ती काचेची सिरिंज म्हणजे मोठीच सुधारणा होती, हे अलीकडे वाचलं. एडिंबरोचे डॉ. अलेक्झांडर वुड यांनी १८५३ मध्ये पोकळ सुईची पिचकारी वापरली. पुढे तिच्यावर मापाच्या रेघा आल्या. त्याच वर्षी फ्रान्सच्या प्रावाझ यांची चांदीची पिचकारी आली. तिचा दट्ट्या स्क्रूसारखा फिरवावा लागे. तेव्हाच्या पिचकाऱ्यांत चामडं वापरत. ते वाळलं की औषध गळे, आणि उकळायची तर सोयच नाही. पॅरिसच्या लुअर यांच्याकडे १८९४ च्या सुमारास नळी न् दट्ट्या दोन्ही काचेचे झाले, तेव्हा कुठं अख्खी सिरिंज उकळता येऊ लागली.

आणि मैत्रिणींनो, १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या लेटिशिया गीर या बाईंनी एका हातानं चालवायच्या सिरिंजचं पेटंट घेतलं. दट्ट्याची मूठ वाकवून त्यांनी नळीजवळ आणली. नळी धरलेल्या हाताचीच बोटं मुठीपर्यंत पोचली, मदतनीस लागेना. आपली आजची सिरिंज तशी दिसत नाही. पण दुसरा हात मोकळा हवा, हे बाईलाच सुचावं! कडेवर लेकरू घेऊन फोडणी देणारीला ते वेगळं सांगायला नको.

मला मात्र अद्दल घडवली त्या रेघांनी. आईच्या बाटलीवर ४० लिहिलेलं, म्हणून सिरिंज लाल टोपणाची, ४० ची लागते. एकदा दुकानातून नारिंगी टोपणाची, १०० ची आली. मी आपली रोजच्यासारखी २० च्या रेघेपर्यंत भरली. तीन दिवसांत आईला सारखी तहान, पाय गळाले, साखर भलतीच चढली. डॉक्टरांनी सिरिंज दाखवायला सांगितली आणि कपाळाला हात लावला. २० ऐवजी आठच युनिट जात होते! उलट झालं असतं, म्हणजे १०० ची बाटली न् ४० ची सिरिंज, तर २० च्या जागी ५० गेले असते. साखर एकदम उतरून जिवावरच बेतलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नातीच्या लसीच्या वेळी पाहिलं, त्या सिरिंजचा दट्ट्या एकदा दाबला की अडकून बसतो, पुन्हा भरताच येत नाही. आपल्याकडे सरकारी लसीकरणात २००५ पासून अशा सिरिंजा आल्या. चुकून दुसऱ्या लेकराला तीच टोचायची भीतीच नाही. इन्शुलिनच्या रेघांना मात्र असं कुलूप नाही.

आता मी दुकानातच टोपणाचा रंग बघते, बाटलीवरचा आकडा घरी येऊन पुन्हा वाचते. आई हसते. "सोनाराकडं बी एवढं निरखत नाहीस, बाई!"