मुद्देमाल झालेला बैल

देवबागच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधली वाळूची पट्टी इतकी चिंचोळी की कुरण म्हणावं असं काही तिथे मावायचं नाही. अशा किनाऱ्यावर नांगर सुटलेल्या बैलानं म्हातारपण कुठे काढायचं? हा प्रश्न मला पांजरपोळांच्या कायद्यापर्यंत घेऊन गेला.

1834 साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरपोळ काढला, तेव्हा तो निव्वळ दानधर्म होता. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 35मुळे न्यायालय छळलेलं जनावर पांजरपोळात धाडू लागलं.

मी रेंगाळलो ते याच कायद्याखालच्या 2017च्या नियमांपाशी. ट्रकमध्ये कोंबलेला बैल पोलिसांनी पकडला की तो मुद्देमाल होतो. सरकारी पशुवैद्य त्याला तपासतो, ओळखीसाठी कानात बिल्ला मारला जातो. डागण्याला मात्र सक्त मनाई. रोजच्या पोटगीचा दर राज्याचं प्राणी कल्याण मंडळ ठरवतं आणि न्यायदंडाधिकारी मालकाकडून तेवढ्याचं बंधपत्र घेतात. मुक्या जिवाच्या वेदनेची एवढी बारीक दखल घेणाऱ्या या नियमांबद्दल मला आदर वाटतो.

पण निकाल लागेपर्यंत बैल सांभाळायचा कोणी? गुजरातेतल्या देवदर पांजरपोळाच्या खटल्यात 1998 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पहिल्यांदाच आरोप झालेल्या मालकाचा ताब्यावरचा हक्क अधिक बळकट. जानेवारी 2021मध्ये नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना त्यांच्या खंडपीठानं 2017च्या नियमांवरच बोट ठेवलं: दोष सिद्ध होण्याआधी माणसाच्या पोटापाण्याचं साधन काढून घेता येत नाही. मालकाच्या चुलीची ही काळजी मला रास्त वाटते.

खरी अडचण पुढे आहे. महाराष्ट्राच्या 2015च्या कायद्यानं गाईपाठोपाठ बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आणली. म्हैस-रेडा त्याबाहेर राहिले. म्हणजे बैल जगणार हे कायद्यानं ठरवलं, पण त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा पेंढा कोण भरणार हे ठरवलं नाही. सप्टेंबर 2024मध्ये सरकारनं गोशाळांतल्या देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये मंजूर केले. त्यात आपली कोकण कपिला बसते, जर्सी संकरित गाय बसत नाही. खरं तर चारा तिलाच जास्त लागतो. त्याच दावणीचा भाकड जीव, पण जात चुकली म्हणून त्याचं पोट दात्यांच्या मर्जीवर.

जनावराला जगवण्याचा हुकूम देणाऱ्या सरकारनं अनुदान त्याच्या वयावर, आजारावर आणि भुकेवर ठरवावं, वंशावर नव्हे. बैलाला आणि संकरित गाईला ते मिळेपर्यंत हा कायदा अर्धाच आहे.